देहाची पारख

पायात काटा मोडला, तर तो एवढासा काटा सारा पाय ठणकावून सोडतो. त्याच्या भोवतालचा भाग प्रथम लाल होतो, मग सुजतो, पुढे त्यात पू धरतो आणि काटा बाहेर पडेपर्यंत शरीरास स्वस्थता लाभत नाही. काट्याऐवजी काचेचा एखादा स्वच्छ कण खोलवर रुतून बसला, तर शरीर दुसरी युक्ती योजते. त्या कणाभोवती ते चिवट तंतूंचे एक कवच विणते आणि त्या परक्या वस्तूस जन्मभर कोंडून ठेवते. आपल्या देहाच्या सीमेवर असा हा पहारा अहोरात्र चालू असतो. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याची त्याची शक्ती विलक्षण आहे. ती नसती, तर रोगजंतूंपुढे मनुष्याचा निभाव लागता ना.

परंतु हाच पहारा कधी कधी मनुष्याच्या हिताच्या आड येतो. अपघातात मांडीचे हाड मोडते व ते सांधण्यासाठी आत धातूची पट्टी बसवावी लागते. वार्धक्यात डोळ्यांतील भिंग गढूळ होते आणि ते काढून त्या जागी दुसरे भिंग घालावे लागते. खुब्याचा सांधा झिजतो, हृदयाची झडप निकामी होते. अशा वेळी रोग्याच्या शरीरात एखादी परकी वस्तू कायमची बसविणे, हाच काय तो उपाय उरतो. पण जे शरीर बारीकशा काट्यास थारा देत नाही, ते ह्या वस्तूंना आश्रय कसा देईल?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या आहेत. जो पदार्थ शरीरात राहून नेमलेले काम नीट करतो आणि शरीरास अपाय करीत नाही, त्यास जैवसुसंगत पदार्थ असे म्हणतात. असा पदार्थ कोणता, हे केवळ विचाराने ठरविता येत नाही. त्याची पारख शेवटी देहच करतो. ती पारख कशी होते आणि तीतून मनुष्य काय शिकला, ते आता आपण पाहू.

प्रथमदर्शनी असे वाटते की, वस्तू मजबूत असली म्हणजे झाले. पण शरीराचा अंतर्भाग ही काही कोरडी, निवांत जागा नव्हे. तेथे सदैव सुमारे ३७ अंश सेल्सियस इतकी ऊब असते आणि सर्वत्र खारट द्रव खेळत असतो. लोखंडाचा खिळा मिठाच्या कोमट पाण्यात टाकून ठेवला, तर थोड्याच दिवसांत तो गंजू लागतो. शरीरातही सामान्य लोखंडाची तीच गत होते आणि त्या गंजाने आसपासच्या पेशींना इजा पोहोचते. शिवाय शरीरास विश्रांती अशी नाहीच. मनुष्य झोपला, तरी त्याचे हृदय चालूच असते. ते एका मिनिटात सत्तर ठोके देते असे धरले, तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक आणि वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक ठोके होतात. इतक्या वेळा उघडझाप करूनही जी मोडणार नाही, अशी झडप घडविणे हे काही लहानसहान काम नव्हे.

रक्ताचा स्वभाव तर आणखी अवघड. रक्तवाहिनीच्या आतील नितळ अस्तरावरून ते सुखाने वाहत असते. पण परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच ते थिजू लागते. जखमेच्या वेळी हा गुण प्राणरक्षक ठरतो. परंतु हृदयात बसविलेल्या वस्तूवर अशी गुठळी धरली व ती सुटून मेंदूकडे गेली, तर रोग्याचे प्राण संकटात पडतात. म्हणून पदार्थ बळकट हवा, न गंजणारा हवा, न झिजणारा हवा, विषारी नसावा आणि रक्ताशी त्याचे जुळावे, अशा कितीतरी कसोट्या त्याला एकाच वेळी उतराव्या लागतात.

ह्या कसोट्यांचे काही धडे मनुष्यास योगायोगाने मिळाले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांत वैमानिकाच्या आसनावर पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे झाकण असे. शत्रूच्या गोळीने ते फुटले, म्हणजे त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. १९४० च्या ऑगस्ट महिन्यात अशा रीतीने जायबंदी झालेल्या एका तरुण वैमानिकावर हॅरॉल्ड रिडले ह्या नेत्रवैद्यांनी उपचार केले. त्या डोळ्यांकडे पाहताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पर्स्पेक्सचे हे कण डोळ्यांत राहिले, तरी डोळा त्यांच्याविरुद्ध बंड करून उठत नव्हता.

त्या काळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग नुसते काढून टाकीत आणि रोग्यास पुढे जन्मभर जाड काचेचा चष्मा लावावा लागे. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत, असा साधा प्रश्न एका विद्यार्थ्याने रिडले यांना विचारला. प्रश्न त्यांच्या मनात घोळत होताच. आता त्यांनी पर्स्पेक्सचेच एक विशेष शुद्ध केलेले रूप मिळविले, त्याचे भिंग करविले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात ते भिंग मनुष्याच्या डोळ्यात प्रथम ठेवले. पहिला प्रयत्न सर्वस्वी निर्दोष नव्हता. भिंगाची शक्ती गरजेपेक्षा फार अधिक झाली व रोग्यास दूरचे अंधुक दिसू लागले. अनेक नामांकित नेत्रवैद्यांनी तर ह्या उपक्रमास कडाडून विरोध केला. पण डोळ्याने त्या पदार्थाचा स्वीकार केला होता आणि तोच निकाल महत्त्वाचा होता. पुढे भिंगे सुधारली. आपल्या देशात मदुराई येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ऑरोलॅब ह्या संस्थेने ती स्वस्त दरात तयार करण्यास आरंभ केला. आज खेड्यापाड्यांतील वृद्ध माणसे शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत पुन्हा आपल्या नातवंडांची तोंडे स्पष्ट पाहू शकतात, त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरा योगायोग स्वीडन देशातील. १९५२ च्या सुमारास लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ हाडाच्या आतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियम धातूचे एक छोटेसे उपकरण बसविले होते. प्रयोग संपल्यावर ते मौल्यवान उपकरण काढून घ्यावयास गेले, तो ते निघेचना. हाड आणि धातू असे एकजीव झाले होते की, धातूच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशी जणू मुळे रोवून बसल्या होत्या. दुसऱ्या एखाद्याने उपकरण वाया गेले म्हणून हळहळ केली असती. ब्रोनेमार्क यांनी मात्र त्या अडचणीतच संधी पाहिली.

टायटेनियमच्या ह्या वर्तनाचे कारण असे की, त्याचा हवेशी अथवा पाण्याशी संबंध येताच त्यावर प्राणवायूशी झालेल्या संयोगाचा अतिशय पातळ थर तत्काळ जमतो. हा थर घट्ट व टिकाऊ असतो. तो ओरखडला गेला, तरी पुन्हा आपोआप तयार होतो. त्यामुळे आतील धातू गंजत नाही व त्याचे कण सहसा बाहेर पडत नाहीत. हाडाच्या पेशींना हा थर मानवतो. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी जबड्यात दोष असलेल्या एका मनुष्याच्या हाडात टायटेनियमचे खुंट बसवून त्यांवर कृत्रिम दात लावले. ते खुंट त्या मनुष्याच्या उपयोगी पडत राहिले ते सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे त्याच्या अखेरीपर्यंत.

येथवर ऐकून कोणास असे वाटेल की, पर्स्पेक्स आणि टायटेनियम हे चांगले पदार्थ सापडले, तेव्हा कोडे सुटले. पण तसे नाही. पॅरिसमध्ये जुडे आडनावाच्या दोघा बंधूंनी १९४६ पासून पर्स्पेक्सच्याच जातीच्या प्लास्टिकचे गोळे खुब्याच्या सांध्यात बसविण्यास सुरुवात केली होती. जो पदार्थ पुढे डोळ्यात वर्षानुवर्षे शांत राहिला, तोच खुब्यात टिकू शकला नाही. डोळ्यात त्याला केवळ प्रकाश जाऊ द्यावयाचा होता. खुब्यात मात्र साऱ्या देहाचा भार सोसावयाचा होता. गोळे झिजू लागले, सैल पडले, काही फुटलेही. असा सांधा बसविलेल्या एका रोग्याच्या खुब्यातून तर हालचालीबरोबर करकर असा आवाज येई. एखादा पदार्थ सर्वत्रच चांगला अथवा सर्वत्रच वाईट नसतो. तो अमुक ठिकाणी, अमुक कामासाठी चांगला असतो. हा धडा यातून शिकावयास मिळाला.

त्या करकर आवाजाने इंग्लंडमधील एका शल्यवैद्याच्या मनात विचारचक्र सुरू केले. त्यांचे नाव जॉन चार्नली. लँकेशायर परगण्यातील राइटिंग्टन रुग्णालयात ते काम करीत. सांध्यातील घर्षण कमी केल्यावाचून कृत्रिम खुबा टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खळग्यात फिरतो. चार्नली यांनी माथ्यासाठी पोलादाचा लहानसा गोळा घेतला आणि खळग्यासाठी टेफ्लॉनची वाटी केली. टेफ्लॉन अत्यंत गुळगुळीत. कोणत्याही रसायनाचा त्यावर सहसा परिणाम होत नाही. कागदावर पाहता याहून उत्तम पदार्थ मिळणे कठीणच होते. १९५८ पासून त्यांनी सुमारे तीनशे रोग्यांच्या खुब्यांत ह्या वाट्या बसविल्या. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेली माणसे वेदनेवाचून चालू लागली. चार्नली यांची कीर्ती पसरली.

पण दोनतीन वर्षांतच दैव फिरले. रोगी पुन्हा वेदनेने विव्हळत परत येऊ लागले. त्यांचे सांधे उघडून पाहता टेफ्लॉनची वाटी झिजून गेलेली आढळली. एवढेच नव्हे, तर झिजून सुटलेल्या सूक्ष्म कणांविरुद्ध शरीराने युद्ध पुकारले होते आणि सांध्याभोवती खराब झालेल्या पेशींचा लगदा साठला होता. अखंड टेफ्लॉन निरुपद्रवी होते. पण त्याचाच चुरा शरीरास सोसवला नाही. चार्नली यांना पराकाष्ठेचे दुःख झाले. तथापि त्यांनी ही गोष्ट लपविली नाही. ज्या रोग्यांना आपण सुखाची आशा दाखविली, त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करून ते खराब सांधे काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

याच सुमारास, १९६२ मध्ये, पॉलिएथिलीन नावाच्या प्लास्टिकचा एक तुकडा राइटिंग्टन येथे एका विक्रेत्याने आणून दिला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मागांचे भाग ह्या प्लास्टिकचे करीत असत. चार्नली यांना प्रथम त्यात काही विशेष दिसले नाही. परंतु त्यांच्या कार्यशाळेतील हॅरी क्रेव्हन ह्या कारागिराने तो तुकडा टाकून दिला नाही. त्याने तो घर्षण मोजण्याच्या यंत्रावर चढविला व यंत्र चालू ठेवले. तीन आठवडे झाले, तरी ह्या पदार्थाची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली. चार्नली यांनी हे पाहिले आणि त्यांची आशा पुन्हा पालवली.

तरी ह्या वेळी त्यांनी उतावीळ केली नाही. टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन ह्या दोन्हींचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला स्पष्ट लागणाऱ्या गाठी उठल्या. पॉलिएथिलीनच्या जागी काहीही जाणवेना. रोग्यांवर पदार्थ वापरण्यापूर्वी त्याची साक्ष त्यांनी आपल्याच देहाकडून घेतली. आज असा प्रयोग कोणी करू नये. कारण एकाच माणसावरून सर्वांविषयी निर्णय करणे सुरक्षित नसते व त्यासाठी आता शिस्तशीर पद्धती आहेत. पण त्यामागील जबाबदारीची जाणीव मात्र आदरास पात्र आहे. पुढे चार्नली रोग्यांना अशीही विनंती करीत की, आपल्या मृत्यूनंतर हा सांधा काढून तपासण्याची परवानगी द्यावी. पुष्कळांनी ती आनंदाने दिली. त्यामुळे वीस वर्षे वापरलेला सांधा आतून कसा दिसतो, हे समजले आणि पुढील रोग्यांचा मार्ग अधिक सुरक्षित झाला.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे गरीब घरांतील अनेक मुलांना घशाच्या एका विशिष्ट संसर्गानंतर ऱ्हुमॅटिक फीव्हर नावाचा ताप येतो. ह्या तापात सांधे सुजतात व काही दिवसांनी बरे होतात. पण हृदयाच्या झडपांवर मात्र त्याचा घाव कायमचा राहतो. झडप म्हणजे रक्तास पुढे जाऊ देणारे व मागे येऊ न देणारे दार. ते दार नीट उघडेनासे अथवा मिटेनासे झाले, म्हणजे तरुण माणूससुद्धा चार पावले चालून धापा टाकू लागतो. अशा वेळी झडप बदलावी लागते. कित्येक वर्षे ह्या कृत्रिम झडपा परदेशांतूनच येत आणि त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे. इलाज ठाऊक आहे, शल्यवैद्य तयार आहे, पण झडप घेण्यास पैसा नाही, म्हणून रोगी परत जातो, असा हा दुर्धर प्रसंग होता.

केरळात तिरुवनंतपुरम येथे श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय संस्था आहे. हृदयाचे शल्यवैद्य डॉ. एम. एस. वलियाथन यांनी १९७० नंतरच्या दशकात तिची धुरा वाहिली. रुग्णालयापासून काही अंतरावर असलेला सातेलमंड हा त्रावणकोरच्या राजघराण्याचा राजवाडा संस्थेस मिळाला होता. तेथे प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. जेथे एके काळी राजघराण्याचे वास्तव्य होते, तेथे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि वैद्य एकत्र बसून हृदयाच्या झडपेचा विचार करू लागले. जी. एस. भुवनेश्वर हे अभियंते त्यांत अग्रभागी होते.

त्यांनी योजिलेली झडप दिसण्यास साधी होती. धातूचे एक वाटोळे कडे, त्यात कललेली एक चकती, आणि कड्याभोवती पॉलिएस्टर कापडाची गोट. रक्ताचा लोट आला की चकती कलून वाट देई. लोट मागे फिरला की ती मिटे. परंतु चार निरनिराळे नमुने झाल्यावाचून यश आले नाही. पहिल्या नमुन्यात कडे टायटेनियमचे होते. त्याला जोडलेले आधार जोडाच्या जागी ठिसूळ होऊन मोडले. दुसऱ्या खेपेस जोड टाळले आणि चकतीसाठी कृत्रिम रीतीने वाढविलेला नीलमणी घेतला. हा स्फटिक फार कठीण. पण त्याच्या घासण्याने टायटेनियमच झिजू लागले. हाडाशी इतके सख्य करणारा तो धातू ह्या कामास मात्र उणा पडला. तिसऱ्या खेपेस कड्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन व निकेल यांचा झीज न होणारा मिश्रधातू आणला. आता झीज थांबली व सर्वांना यश जवळ आल्यासारखे वाटले. तोच प्राण्यांवरील परीक्षेत नीलमण्याची चकती फुटली.

अनेक वर्षांचे श्रम तीन वेळा व्यर्थ गेल्यासारखे दिसत होते. परंतु प्रत्येक अपयशाने एक एक दोष निश्चितपणे दाखवून दिला होता. चौथ्या नमुन्यात मिश्रधातूचे कडे तसेच ठेवले आणि नीलमण्याच्या जागी चकती घातली ती चार्नली यांच्या वाटीच्या जातीच्या पॉलिएथिलीनची! आपल्या घरातील साध्या बादल्या ज्या प्लास्टिकच्या कुळातल्या, त्याच कुळातील पण रेणूंच्या फार लांब साखळ्यांचा हा पदार्थ. नीलमण्याचे मोल त्याला नाही. पण तो चिवट आहे, आघात सोसतो, फुटत नाही आणि मिटताना आवाजही सौम्य करतो. गोट कापडाची ठेवण्यातही हेतू होता. शल्यवैद्यास तीतून टाके घालता येतात आणि पुढे कापडाच्या विणीत शरीराच्या पेशी वाढून झडपेस आपलीशी करतात. याप्रमाणे एकाच लहानशा वस्तूत तीन पदार्थ आले आणि प्रत्येकाला त्याच्या गुणाप्रमाणे स्थान मिळाले.

मग ह्या झडपेची कठोर परीक्षा झाली. यंत्रात ती खऱ्या हृदयापेक्षा पुष्कळ जलद गतीने कोट्यवधी वेळा उघडमिट करून पाहिली. मेंढ्यांच्या हृदयांत ती बसवून निरीक्षण केले. हे सर्व पार पडल्यावर ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम मनुष्याच्या हृदयात बसविण्यात आली. त्यानंतरही तिचा सरसकट वापर लगेच सुरू केला नाही. निरनिराळ्या रुग्णालयांतील रोग्यांवर लक्ष ठेवून तिचे वर्तन पारखले आणि मगच तिचे उत्पादन सुरू झाले. परदेशी झडपांहून पुष्कळ कमी किमतीत मिळणारी ही चित्रा झडप पुढे एक लाखाहून अधिक रोग्यांना बसविण्यात आली. डॉ. वलियाथन २०२४ मध्ये निवर्तले. पण त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या श्रमाचे फळ असंख्य हृदयांत स्पंदत राहिले आहे.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. अशी झडप बसविलेल्या रोग्यास रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावे लागते व वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. म्हणजे देहाने तिला राहू दिले असले, तरी तिच्याशी पूर्ण एकरूपता झालेली नाही. पॉलिएथिलीनच्या वाट्याही अगदी अक्षय ठरल्या नाहीत. पुष्कळ वर्षांच्या वापराने त्यांचे जे कण सुटतात, त्यांमुळे काही रोग्यांचे आसपासचे हाड विरू लागते, असे पुढे आढळले. तेव्हा शास्त्रज्ञांनी किरणांच्या साहाय्याने ह्या प्लास्टिकच्या रेणुसाखळ्या एकमेकींस बांधून त्यास अधिक टिकाऊ केले.

जेथे ही सावधगिरी अपुरी पडते, तेथे अनर्थ ओढवतो. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरणारे काही खुबे एके काळी फार उत्तम म्हणून वाखाणले गेले. पण त्यांच्या घर्षणाने कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटून रोग्यांच्या शरीरात पसरले. अशा एका प्रकारचे सांधे २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावे लागले आणि हजारो रोग्यांना पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. त्यांत आपल्या देशातील रोगीही होते.

म्हणूनच आज शरीरात बसवावयाच्या प्रत्येक वस्तूस नियमांच्या चाळणीतून जावे लागते. तिचा अर्क पेशींना मारतो काय, कातडीवर दाह उत्पन्न करतो काय, रक्त गोठवितो काय, अशा परीक्षा क्रमाक्रमाने होतात. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये तयार झाले व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. धोक्याच्या प्रमाणात उपकरणांचे चार वर्ग त्यांत केले असून हृदयाच्या झडपा सर्वांत कडक वर्गात येतात. उपकरणांपासून रोग्यांना झालेल्या अपायांची नोंद ठेवण्याची राष्ट्रीय योजनाही २०१५ मध्ये सुरू झाली. दोषाची नोंद झाली, तरच तो दोष दूर होतो.

दरम्यान संशोधनाची पुढील पावलेही पडत आहेत. काही टाके जखम भरून येईपर्यंत टिकतात व मग शरीरात आपोआप विरघळून जातात, हे आपणांस ठाऊक असेल. त्याच तत्त्वावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे स्क्रू करण्यात आले आहेत. हाड जुळेपर्यंत ते आधार देतात आणि मग हळूहळू विरून जातात, त्यामुळे ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. काही सांध्यांवर हाडात स्वभावतःच असणाऱ्या खनिजाचा लेप देतात. हाडाला तो ओळखीचा वाटतो आणि ते त्याच्याशी लवकर जुळते. पूर्वी शरीराने परक्या वस्तूस नुसते सहन करावे, एवढीच अपेक्षा असे. आता ती वस्तू शरीराच्या कामास हातभार लावून, काम संपताच निघून जावी, इथवर शास्त्रज्ञांची दृष्टी पोहोचली आहे.

ह्या साऱ्या इतिहासात एक सूत्र दिसून येते. पदार्थाचे बाजारातील मोल, त्याची प्रयोगशाळेतील कीर्ती, अथवा तो शोधणाऱ्याचे नाव, यांपैकी कशाचाही देहावर प्रभाव पडत नाही. नीलमणी आणि प्लास्टिक त्याच्यापुढे समान आहेत. तो प्रत्येकाचे वर्तन पाहतो आणि आपला निर्णय देतो. कधी तो त्याच दिवशी कळतो, कधी दहा वर्षांनी. तो निर्णय चुकीच्या वेळी कळला, तर त्याची किंमत शास्त्रज्ञाला नव्हे, तर रोग्याला मोजावी लागते. म्हणून ज्यांना हे काम करावयाचे आहे, त्यांनी बुद्धीइतकाच धीर अंगी बाणवावयास हवा, यशाइतकेच अपयश बारकाईने वाचावयास हवे, आणि आपला दोष सर्वांसमोर मांडण्याचे धैर्य दाखवावयास हवे. असे करणारी माणसे झाली, म्हणूनच आज कितीतरी आंधळे पाहू लागले, पांगळे चालू लागले, आणि थकलेली हृदये पुन्हा नेटाने धडधडू लागली.